बदरुद्दीनभाईंची उघडी वखार

माझे थोरले दीर बदरुद्दीनभाई यांनी चहा कधी बसून घेतला नाही. बशीत ओतायचा, दोन घोट घ्यायचे, कप पायरीवर ठेवायचा आणि वखारीत निघून जायचं. मी या घरात नवी होते तेव्हा तो अर्धा कप उचलून धुऊन टाकत असे. मग कळलं, तासाभराने ते परत येऊन तोच गार चहा शोधतात. हातात नेहमी सुंभाचा वीतभर तुकडा. बोलता बोलता गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. माणूस समोर उभा असला तरी त्या गाठीवरून कळे, मन इथे नाही.

सोळाव्या वर्षी ते रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीतून गलबतावर खलाशी म्हणून निघाले. काही वर्षांनी दुबईच्या खाडीच्या तोंडाशी त्यांचं गलबत वाळूवर चढलं आणि कण्यात मोडलं. नाखव्याने ते होतं तिथेच लाकडाच्या भावाने विकून टाकलं. बाकीचे खलाशी दुसऱ्या गलबताने घरी गेले. भाई मागे राहिले, कारण विकत घेणाऱ्याला गलबत मोडता येत नव्हतं. "जोडणारे पुष्कळ असतात," भाई म्हणत, "मोडायला अक्कल लागते. खिळा कुठे आहे ते लाकूड सांगत नाय."

त्या मोडतोडीतून त्यांची वखार उभी राहिली, दुबईतल्या देरा भागात, खाडीपासून थोडी आत, मोठ्या रस्त्याला लागून. उभी राहिली म्हणजे काय, पसरली. सागाच्या फळ्या, डोलकाठ्या, नांगर, साखळ्यांचे ढीग, पिंपं, बंद पडलेली दोन इंजिनं. भिंत नाही, दार नाही, वर छप्पर नाही. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच बोट दाखवी, "वो लकडी", आणि आत येई. वखारीच्या मागे आमच्या दोन खोल्या. माझे यजमान शौकत एका शिपिंग ऑफिसात कारकून. भाईंची बायको तापाने गेली तेव्हा त्यांची हमीदा तीन वर्षांची होती. तिला मीच वाढवलं. अरब लोक भाईंना तिच्या नावाने, अबू हमीदा, हमीदाचा बाप, म्हणूनच ओळखत. बदरुद्दीन हे नाव रस्त्यावर कोणाला ठाऊकही नव्हतं.

आणि बोया, समुद्रात जहाजांना वाट दाखवायला तरंगता ठेवतात तो. वादळात कुठून तरी सुटून किनाऱ्याला लागलेला तो लोखंडी बोया भाईंनी लिलावात घेतला होता. खाली रुंद, वर निमुळता, माणसापेक्षा हातभर उंच. रस्त्याच्या अगदी कडेला उभा केलेला. दर वर्षी रमझानच्या आधी भाई त्याला स्वतः लाल रंग द्यायचे. किती जणांनी मागितला. "विकाऊ नाय," एवढंच उत्तर.

त्याचं कारण मला चांगलं माहीत होतं, कारण ते माझ्याच हातचं होतं. भाईंना सही तेवढी येत असे. गावाला जाणारी सगळी पत्रं मी लिहायची. दुबईत तेव्हा रस्त्याला नाव नव्हतं की घराला नंबर नव्हता. टपालाची पेटी होती, पण पेटीकडे माणूस कसा पोचणार? म्हणून गावातून कोणी निघायचा झाला की भाई सांगत आणि मी लिही:

"कुठेही उतरलात तरी आधी खाडी गाठावी. पाण्याकडे पाठ करावी. मशिदीचा मिनार उजव्या हाताला ठेवून मोठा रस्ता धरावा. डाव्या बाजूस माणसाहून उंच लाल बोया दिसेल. तीच आपली वखार. वाटेत कोणाला काही विचारू नये."

शेवटची ओळ भाईंचीच. बहुतेकांकडे कागद नसत. लाँचवाले आडबाजूच्या किनाऱ्यावर कंबरभर पाण्यात उतरवून देत आणि निघून जात. विचारायला गेलं की बोलण्यावरून ओळखू येणार, मग पकडणार. त्यापेक्षा मुकाट चालावं. या चार ओळींवर आमच्या मोहल्ल्यातले अकरा जण आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. गावात तर बोलायची पद्धतच पडली होती, "लाल बोयाला गेला."

एकोणीसशे अडुसष्ट साल. ईद होऊन चार दिवस झाले असतील. गावाहून पत्र आलं, याकूब निघाला. याकूब म्हणजे भाईंचा आणि शौकतचा सगळ्यात धाकटा भाऊ. भाईंनी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो चौदाचा होता, आता बावीसचा. सोबत शेजारच्या हव्वाबींचा यूनुस. हव्वाबी विधवा, यूनुस एकुलता. त्यांचा निरोप पत्राच्या कडेला आडवा लिहिलेला: "बदरुद्दीन, माझा पोर तुझ्या बोयापर्यंत आला की मला दोन अक्षरं पाठव. तोवर मी अंगणातून उठायची नाय."

भाईंनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "किती दिवस धरायचे, मैमुना?"

"लाँचचं काय सांगायचं, भाई. वारा, इंजिन..."

"महिना धर," ते म्हणाले, आणि सुंभाला गाठ मारली.

दहाव्या दिवशी बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस आली. वर अरबी, खाली इंग्लिश. हमीदा शाळेतून आली तशी शौकतने तिच्या हातात दिली, "वाच बघू, फी भरतोय तुझी."

हमीदा तेव्हा बारा वर्षांची. शाळेत गेल्यापासून घरी मराठी विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये. तिने वाचलं आणि म्हणाली, "इट सेज नो वन शुड सी अवर थिंग्ज."

"माणसासारखं सांग गो," मी म्हटलं.

मग शौकतनेच सांगितलं. मोठ्या रस्त्याला लागून कोणी उघड्यावर माल साठवला असेल, तर तो रस्त्यावरून दिसता कामा नये. एका महिन्यात कुंपण घालायचं, सहा फूट. माल कुंपणाच्या वर काढून रचायचा नाही. रस्ता डांबरी होतोय, शहर वाढतंय, ओंगळ दिसायला नको.

"घ्या," शौकत हसला. "आतापर्यंत घरातल्या बायांना पडदा होता, आता भंगारालाही आला. भाई, तुमच्या इंजिनांना बुरखे शिवू काय?"

भाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बोया किती फूट आहे?"

सगळ्यांना माहीत होतं, सात.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. अरब, पन्नाशीचा, मुंबईत राहिलेला, हिंदी बोलणारा. भला माणूस होता. त्याची कुठे चूक मी आजही काढू शकत नाही. भाईंनी त्याला फळीवर बसवलं, मी आतून चहा पाठवला. खिडकीच्या फटीतून मला ऐकू येत होतं.

"शुफ, देखो, अबू हमीदा, सब कुछ अंदर. दीवार, या पतरा."

"सब अंदर करेगा. ये एक बाहर रहने दो."

"ये भी माल है."

"माल नहीं है हबीबी, ये पता है."

इन्स्पेक्टर हसला. "पता कागज पे होता है."

"हमारा कागज पे यही लिखा है," भाई म्हणाले.

त्याला ते कळलं नाही, आणि भाईंना ते नीट सांगता येईना. सांगायचं म्हणजे कोण येतंय, कसं येतंय, हे सांगावं लागणार. इन्स्पेक्टर चहा संपवून गेला.

भिंतीला वेळ लागेल, तोवर स्वस्तात काम भागवू म्हणून भाईंनी खजुरीच्या झावळ्यांची गाडीभर रास आणून टाकली. "झाप विणू. उंची आपल्या हातात राहील, बोयासमोर हातभर जागा मोकळी ठेवू."

गावाकडे पावसाळ्याच्या आधी माडाची झापं विणणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं. पाण्यात भिजवायची, अर्धी चिरायची, पात एकाआड एक घालत जायची. मी, हमीदा आणि भाई अंगणात बसलो. भाई बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते! पण माड वेगळा आणि खजूर वेगळा. खजुरीची पात वाकेना, वाकवली की तुटे. दांड्याच्या बुडाशी बोटभर लांब काटे. तासाभरात हमीदाच्या तळहाताला रक्त, माझ्या अंगठ्यात काटा, आणि विणून झालं काय, तर खुराड्यासारखं वाकडंतिकडं वीतभर काहीतरी. शेजारची अरब बाई दारातून बघत होती. ती हसत हसत आली, भाईंच्या हातातली झावळी घेतली, सगळी पात सरसर ओरबाडून काढली आणि नुसता दांडा उभा धरून दाखवला. इकडे दांडे शेजारी शेजारी उभे करून दोरीने बांधतात. विणायचं नसतंच.

"खलास, खलास," ती म्हणत राहिली आणि डोळे पुसत घरी गेली.

तिच्या पद्धतीने दोन दिवसांत कुंपण उभं राहिलं, तर इन्स्पेक्टर म्हणाला, रस्त्याला लागून झावळी चालणार नाही, ठिणगी पडली की आळी पेटते. शिवाय बोयासमोरची फट बघितली आणि मान हलवली. सिमेंटचे ब्लॉकच पाहिजेत. सलग.

मग ब्लॉक आले. त्या महिन्यात आमच्या रस्त्यावर जिकडे तिकडे तेच. कोणी पत्रे ठोकतंय, कोणी ब्लॉक रचतंय. भाईंनी भिंत रस्त्यापासून हातभर आत घेतली आणि दोन्ही टोकांनी चालू केली. बोयासमोरचा मधला तुकडा त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. गवंडी रोज विचारी, "यल्ला, अबू हमीदा, बंद कर दूँ?" भाई म्हणत, "उद्या."

महिना भरला. लाँच आली नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बोया भिंतीच्या आत आडवा पाडला. मोठा आवाज झाला, पोकळ. मी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजला उभी होते, माझा वाकण्याचा रुकू चुकला. सलाम फेरून नमाज संपवली आणि खिडकीशी आले तेव्हा मधला तुकडा कमरेपर्यंत आला होता. संध्याकाळी रस्ता दिसेनासा झाला. इतकी वर्षं भाकऱ्या भाजताना मी खिडकीच्या फटीतून येणारे-जाणारे बघत असे. आता नुसते राखाडी ब्लॉक.

त्या दिवसापासून भाईंची जी तगमग सुरू झाली ती सांगता येत नाही. ते पिंप उलटं टाकून भिंतीच्या बाहेर बसायला लागले. बसायचे कसले, दहा मिनिटं. मग उठून खाडीवर. खाडीवर गेले की वाटायचं, इतक्यात वखारीवर कोणी येऊन गेला असेल. तसे धावत परत. गिऱ्हाइकं येईनाशी झाली. लोकांना वाटलं, अबू हमीदाने धंदा बंद केला. भाईंना त्याचं काही नव्हतं.

"मैमुना, कोणी आलं होतं?"

"नाही, भाई."

"तू आत असतेस, तुला कसं कळणार?"

हे ते रागाने म्हणत नसत. पण मला लागायचं. खरंच होतं ते.

शौकत समजावी, "भाई, भिंतीवर बोर्ड लावू, वखार म्हणून."

"याकूब काय वाचत येणार आहे? त्याला बोया सांगितलाय."

"मग विचारील कोणाला तरी."

"त्याला सांगितलंय, विचारू नको."

शौकत माझ्याकडे बघायचा. ती ओळ लिहिणारी मी. पहाटे फजरच्या नमाजनंतर तसबीह घेऊन बसे, तर मणी पुढे सरकत नसत. डोळ्यांसमोर माझंच अक्षर. या अल्लाह, चार ओळी मी सरळ हाताने लिहिल्या होत्या.

भिंत बंद होऊन नऊ दिवस झाले तेव्हा तय्यब नाखवा आला. आमच्या खाडीपलीकडचा, जुना ओळखीचा. भाई त्याला खाडीवरून हाताला धरूनच घेऊन आले. तो पायरीवर टेकला, मी दाराआड.

"तय्यबभाई, सांगा हिला पण. काय म्हणालात ते सांगा."

"सांगायचंय काय, वहिनी. तुमच्या पोरांची लाँच इंजिन बिघडून मधेच पडली होती. मग पूर्वेच्या किनाऱ्याला, डोंगरापलीकडे, लोकं उतरवून गेली. बारा दिवस झाले. नाखव्याने स्वतः मला सांगितलं, सगळे जिवंत उतरले."

"बारा दिवस," भाई म्हणाले.

मी मनात मोजलं. डोंगर ओलांडायला तीन-चार दिवस, पुढे लॉरी मिळाली तर एक. म्हणजे आले असतील तर भिंत झाल्यावरच. आले असतील आणि गेले असतील.

भाईंनी पण तेच मोजलं असावं. ते उठले आणि कोपऱ्यातली पहार घेऊन भिंतीकडे निघाले. तय्यब नाखवा आणि शौकत दोघांनी धरलं. "पाडतो," ते म्हणत होते, "दंड करूदेत, जेलात टाकूदेत, पाडतो." शौकत म्हणाला, "जेलात गेलात तर याकूब आल्यावर कोणाला भेटणार?" तेव्हा पहार खाली पडली.

मी दाराआडून बोलले. थोरल्या दिरांसमोर तय्यब नाखव्यासारखा परका बसलेला असताना मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. पण शब्द आलेच.

"भाई, आपल्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात वाटेवर मडकी भरून ठेवतात ना? येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी?"

"मग?"

"बोया पोकळ आहे."

भाईंनी भिंतीआड पडलेल्या बोयाकडे बघितलं.

"वर तोंड कापायचं, खाली तोटी बसवायची," मी म्हटलं. "भिंतीच्या बाहेर हातभर जागा आहे आपली. सबील करायची, अल्लाहच्या नावाने पाणपोई. मग तो माल कसा होईल? त्याला कोण म्हणणार, झाका?"

तय्यब नाखवा हसला, "वहिनीला वकील करायला पाहिजे होतं."

भाई हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "सबील केली की तो आपला राहत नाय, होय ना?"

"नाही राहत. वाहिलेली वस्तू परत घेता येत नाही. हलवायची पण नाही मनात आलं म्हणून."

"नकोच हलवायला," भाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. टोक कापून झाकण केलं, बुडाशी पितळेची तोटी बसवली. आतला गंज भाईंनी स्वतः खरवडला, अर्धे आत जाऊन. बाहेर नुसते पाय दिसत होते. हमीदा म्हणाली, "ही लुक्स लाइक अ फिश गॉट हिम." आतून चुना लावला. मी सात वेळा पाणी भरून सोडायला लावलं. लोकांच्या पोटात जायचं, हयगय चालत नाही. बाहेरून नवा लाल रंग. मग चार माणसांनी तो भिंतीबाहेर उभा केला, आणि पाणीवाल्याचं गोडं पाणी भरून भाईंनी बिस्मिल्ला म्हणून तोटी सोडली. तोटी नवी असून करकरली. तेल घातलं तरी करकरतच राहिली.

इन्स्पेक्टर तिसऱ्याच दिवशी आला. मी भिंतीच्या आत ब्लॉकला कान लावून उभी होते, खोटं का सांगू.

"ये क्या, अबू हमीदा?"

"सबील है."

टेप ओढल्याचा आवाज आला. रस्त्याची कड मोजत असावा. मग तोटी करकरली. तो पाणी प्यायला.

"पता है," तो म्हणाला. आता तो विचारत होता की सांगत होता, कळलं नाही.

"पता भी है," भाई म्हणाले.

"ऑफिस से एक कागज ले जाना. और ग्लास बांध के रखो, कोई ले जाएगा."

एवढंच. मी तिथेच शुक्राची, आभाराची, नमाज पढले.

पण त्याने तगमग कमी झाली नाही, उलट वाढली. बोया उभा होता आणि कोणी येत नव्हतं. तोटी करकरली की भाई बाहेर. हमाल असे, पाणी पिऊन दुवा देऊन जाई. भाई परत येत, गाठ सोडत, गाठ मारत. पुन्हा करकर, पुन्हा बाहेर. जेवताना घास हातात घेऊन जायचे. बकरी ईद जवळ आली. मी मनाशी ठरवलं होतं, ईदेपर्यंत आले नाहीत तर हव्वाबींना पत्र लिहायचं. काय लिहायचं, ते ठरत नव्हतं.

ईदेच्या आदल्या दिवशी, अरफाच्या दिवशी, मला रोजा होता. भाई बाजारात बकरा बघायला गेले होते, शौकत ऑफिसात. दुपार. तोटी करकरली, आणि करकरून तशीच राहिली. पाणी नुसतं पडत होतं. मला राग आला, गोडं पाणी वाया जातंय. "हमीदा, बघ गो, कोण ते. बंद कर म्हणावं."

हमीदा गेली आणि धावत परत आली. "चाची, देअर इज अ मॅन. ही इज नॉट ड्रिंकिंग. ही इज जस्ट होल्डिंग इट."

"काय धरून?"

"द बोया."

मी डोक्यावर ओढणी घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी, घरात पुरुष नसताना, एकटी रस्त्यावर गेले. एक माणूस बोयाला दोन्ही हातांनी कवटाळून उभा होता. केसांत, भुवयांत, दाढीत सिमेंट. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. मी तोटी बंद केली. तो वळला. माझा निकाह मुंबईत झाला आणि तिथूनच मी दुबईला आले, त्यामुळे त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाक शौकतचं होतं.

"मैमुनाभाबी?" तो म्हणाला. "पत्रातल्या?"

मी मान हलवली.

"मी चार वेळा या भिंतीसमोरून गेलो, भाबी. चार वेळा. मिनार उजव्या हाताला, मोठा रस्ता, सगळं बरोबर होतं. बोयाच नव्हता. वाटलं, मीच चुकलो. शेवटी एकाला विचारलं, बदरुद्दीन रत्नागिरीवाला कुठे? म्हणाला, असा कोणी नाय."

तो कुठे होता, तर आमच्यापासून पाच गल्ल्यांवर. ब्लॉक पाडण्याच्या कारखान्यात. भिंती वाढल्या होत्या, ब्लॉक कमी पडत होते, कागद न विचारता माणसं ठेवत होते. आमच्या रस्त्यावरच्या कोणाकोणाच्या भिंतीत त्याच्या हातचे ब्लॉक गेले, त्यालाच माहीत नाही. त्या दिवशी ब्लॉकची गाडी पोचवायला आला आणि लांबून लाल रंग दिसला.

"आणि यूनुस?" मी विचारलं.

याकूबने खाली बघितलं. "डोंगरातून आम्ही दोघं दोन वाटांनी निघालो. एकत्र नको जाऊया, पकडतील, असं ठरलं. म्हणाला, बोयाशी भेटू." मग त्याने इकडे तिकडे बघितलं, जणू यूनुस भिंतीआडून येणार होता. "आला नाय?"

तेवढ्यात भाई आले. बकरा नव्हता, दोरी तेवढी हातात होती. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी बाहेर कशी म्हणून. मग त्या माणसाकडे. मला वाटलं, आता मिठी मारतील, रडतील. भाई पुढे आले, साखळीने बांधलेला ग्लास घेतला, तोटी सोडली, ग्लास काठोकाठ भरला.

"पी आधी," ते म्हणाले.

"भाई, तहानच गेली."

"पी म्हणतो ना."

याकूब प्यायला. भाईंनी दुसरा ग्लास भरला. तोही तो प्यायला. तिसरा देताना अर्धं पाणी याकूबच्या छातीवर सांडलं, आणि मग दोघंही तिथे रस्त्यावर, लोकांदेखत, बोयाला टेकून खाली बसले. भाई बसले.

ईद झाली. यूनुस आला नाही. भाई आणि याकूब डोंगरापर्यंत जाऊन आले, लॉरीवाल्यांना विचारलं, आणखी एकदा गेले. कोणी काही सांगेना. मी हव्वाबींना पत्र लिहिलं: याकूब पोचला, यूनुस वाटेत आहे, दुवा करा. त्या वाक्याशी पेन थांबलं होतं. पण लिहिलं.

महिन्याभराने त्यांचं उत्तर आलं, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात. "यूनुस अजून आला नसेल तर येईल. तो लहानपणापासून सावकाश. मी त्याला तुमच्या ओळी पाठ करवून पाठवलंय. बदरुद्दीन, बोया अजून दिसतो ना रस्त्यावरून?"

भाई उभे होते, चहा हातात. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"लिही," ते म्हणाले, "दिसतो."

मी लिहिलं.

"आणि इथून पुढे जो कोणी निघेल त्याला ती शेवटची ओळ द्यायची नाय."

"कोणती, भाई?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"कोणाला काही विचारू नये, ती. खोड ती. लिही, वाटेत जो भेटेल त्याला विचारावं. अबू हमीदा म्हणून विचारावं. पकडला तर पकडला, मी सोडवून आणीन. पण विचारावं."

मी वाक्य पुरं करत होते तेवढ्यात बाहेर तोटी करकरली. भाईंनी कप पायरीवर ठेवला आणि गेले. चहाची वाफ अजून निघत होती. ते परत येईपर्यंत मी पत्र बंद केलं नाही.